बिऱ्हाड आणि घर

चंडीगढच्या ईशान्य कडेस, सुखना तलावाच्या पलीकडे, किशनगढ गाव आणि मणिमाजरा यांच्या सान्निध्यात जो आयटी पार्क वसला आहे, तेथे संध्याकाळी फेरफटका मारण्याचा आमचा परिपाठ आहे. रस्ते रुंद, झाडी नीटनेटकी, समोर शिवालिकच्या टेकड्या आणि दोहों बाजूंस काचेच्या भिंतींच्या कचेऱ्या. त्या सुटण्याच्या वेळी तरुण स्त्रीपुरुषांचे थवे बाहेर पडतात, आणि त्या पंजाबी-हिंदीच्या कोलाहलात कधीमधी एखादे मराठी वाक्य कानी येते. परमुलखात मराठी शब्द ऐकला की आमचे पाऊल आपोआप थबकते. मग ओळख होते. गाव कोणते, कंपनी कोणती, हे दोन प्रश्न झाले की तिसरा प्रश्न आमच्या तोंडून ठरल्याप्रमाणे निघतो : येथेच कायमचे राहण्याचा विचार आहे काय?

या तिसऱ्या प्रश्नास आजवर जी उत्तरे मिळाली त्यांत एक गोष्ट आम्हांस विलक्षण वाटली. पगार चांगला, हवा उत्तम, शहर देखणे, शाळा बऱ्या, असे सर्वजण सांगतात. पण या कारणांस्तव "राहणार" असे कोणी म्हणत नाही. उत्तर येते ते असे : "काका, अजून भाड्यानेच आहोत, बघू." जणू राहणे न राहणे हा प्रश्न मनाचा नसून भाडेपावतीचा आहे! आणि आम्हांस तरी हसण्याचा कोणता अधिकार? निवृत्ती दोन वर्षांवर आली असताना हाच प्रश्न कोणी आम्हांस विचारला, तर आम्हीही असेच म्हणतो : "सरकारी क्वार्टर आहे तोवर आहोत, पुढचे पुढे."

आपल्या भाषेने या बाबतीत एक मार्मिक भेद फार पूर्वीच करून ठेवला आहे. बिऱ्हाड वेगळे आणि घर वेगळे. बिऱ्हाड थाटतात, हलवतात, मोडतात. घर बांधतात, राखतात, आणि क्वचित प्रसंगी सोडतात. परगावाहून आलेला मनुष्य शहरात बिऱ्हाडकरू कधीपर्यंत असतो आणि तेथील रहिवासी केव्हा होतो, हा प्रश्न इतिहासाचा आहे असे आम्हांस वाटते; आणि त्याचे उत्तर शोधण्यास चंडीगढसारखे दुसरे गाव नाही. कारण हे नगर वसले तेच मुळी नोकरांच्या निवासासाठी.

१९४७ साली पंजाबची फाळणी झाली आणि लाहोर पलीकडे गेले. पूर्व पंजाबास राजधानी उरली नाही. सिमल्यास तात्पुरता कारभार सुरू झाला आणि शिवालिकच्या पायथ्याची सपाट भूमी नव्या राजधानीसाठी पसंत करण्यात आली. त्या भूमीवरील शेतकऱ्यांस आपली गावे सोडावी लागली, हे येथे प्रथमच नमूद केले पाहिजे; घरांच्या या कहाणीचा आरंभच घरे उठवण्याने झाला. अमेरिकन नियोजनकार अल्बर्ट मायर आणि त्याचा सहकारी मॅथ्यू नोविकी यांनी पहिला आराखडा केला. १९५० साली नोविकी विमान अपघातात मृत्यू पावला, आणि पुढच्या वर्षी ल कोर्ब्युझिए, त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे, व इंग्रज दांपत्य मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू यांच्याकडे काम आले. कोर्ब्युझिएने नगराचा आराखडा आणि कॅपिटॉलमधील भव्य इमारती यांवर लक्ष ठेवले. राहती घरे रचण्याचा भार मुख्यतः इतर तिघांवर पडला.

त्यांच्यापुढे प्रश्न असा होता की, राज्यकारभाराचे सारे मनुष्यबळ एकदम आणून ठेवायचे आहे, त्यास घरे हवीत. सरकारने नोकरांच्या दर्जाप्रमाणे घरांचे १३ प्रकार ठरवले : वरच्या टोकास मुख्यमंत्री, खालच्या टोकास शिपाई. या योजनेस नावे ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि पगाराच्या उतरंडीवर घर बेतण्यात एक प्रकारची नवी वर्णव्यवस्था आहे हे खरेही आहे. परंतु शेवटच्या प्रकारच्या घरात काय होते ते पाहावे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, व्हरांडा, न्हाणी, स्वतंत्र संडास; नळाचे पाणी आणि वीज. १९५३ च्या ऑक्टोबरात राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते राजधानीचे उद्घाटन झाले, त्या काळी मुंबईच्या चाळीत राहणाऱ्या आपल्या कितीएक कारकुनांस एवढे लाभले नव्हते. चंडीगढच्या शिपायाचे घर मुंबईच्या कारकुनाने हेवा करावा असे होते.

मग मुंबईचा कारकून मुंबईकर झाला, आणि चंडीगढचा पहिल्या पिढीचा नोकर मात्र अनेकदा निवृत्तीबरोबर गाशा गुंडाळून निघाला, हे कसे? उत्तर अवघड नाही. चंडीगढचे घर माणसास दिलेले नव्हते, पदास दिलेले होते. पद गेले की काही महिन्यांची मुदत, आणि मग किल्ली परत. ज्यांनी त्या आरंभीच्या वर्षांत भूखंड विकत घेऊन घर बांधण्याचे धाडस केले, ते व त्यांची मुलेबाळे आज या शहराचे जुने रहिवासी म्हणवतात. ज्यांनी क्वार्टरच्या सुखावर विसंबून ते लांबणीवर टाकले, त्यांस पुढे ते परवडले नाही. क्वार्टर जितके चांगले तितकी स्वतःच्या घराची निकड कमी, असा हा उलटा न्याय आहे.

या न्यायातून थोरामोठ्यांचीही सुटका नाही. आपल्या वाचकांस स्मरत असेल की, १९५८ ते १९६२ या काळात पंजाबचे राज्यपाल काकासाहेब गाडगीळ होते. पुण्याचा हा मुत्सद्दी, स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळातील बांधकाम खात्याचा मंत्री, नव्या कोऱ्या चंडीगढात राज्यपाल म्हणून राहिला. कोर्ब्युझिएने राज्यपालांसाठी कॅपिटॉलच्या आवारात एक प्रासाद रेखाटला होता. तो लोकशाहीस शोभणारा नाही असे पंडित नेहरूंस वाटले आणि तो कधी बांधलाच गेला नाही. म्हणजे राज्यपालांचे ठरलेले घरही कागदावरच राहिले! पदाची मुदत संपली, काकासाहेब पुण्यास परतले, पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि १९६६ च्या जानेवारीत निवर्तले. राजभवन असो की तेराव्या प्रकारचे घर, पद संपताच रिकामे करावयाचे, या एका बाबतीत राज्यपाल आणि शिपाई यांच्यात भेद नव्हता.

याउलट एक उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. पिएर जानरे या शहरात १९६५ पर्यंत राहिला. ज्याने इतरांसाठी घरांचे प्रकार रचले, तो स्वतःही सरकारी घरातच राहत होता. प्रकृती ढासळल्यावर तो स्वित्झर्लंडला गेला आणि १९६७ साली तेथेच वारला. पण त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा येथे आणून सुखना तलावात विसर्जित करण्यात आली. मन जडण्यास मालकीची आवश्यकता नसते, हे यावरून दिसते. परंतु मन जडणे आणि मुक्काम ठरणे या दोन गोष्टी आहेत. जानरेस जिवंतपणी मुक्काम हलवावा लागला.

आता आपण आपल्या मुंबईकडे वळू. कारण परगावाहून आलेल्यांच्या निवासाचा जेवढा दीर्घ अनुभव त्या शहरास आहे, तेवढा हिंदुस्थानातील फार थोड्या शहरांस असेल. १९२१ च्या शिरगणतीच्या वेळी मुंबईत जन्मलेले लोक शंभरात सोळाच्या आसपास होते. बाकी सारे बाहेरचे. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले दोन लाखांहून अधिक. आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया किती? सुमारे सव्वापाचशे. या एका आकड्यात सारी हकीकत आली. पुरुष गिरणीत आणि कुटुंब गावी. एका गावचे वीस-पंचवीस गडी मिळून एक खोली भाड्याने घेत, पाळीपाळीने निजत, खाणावळीत जेवत, आणि शिमग्याला किंवा गणपतीला कोकणात जात. मुंबई ही त्यांची पेढी होती, घर नव्हते. १८९६ साली प्लेग आला तेव्हा लाखो माणसे शहर सोडून निघून गेली, ती यामुळेच. ज्यास परत जाण्यास घर आहे तो संकटसमयी थांबत नाही.

त्या प्लेगने सरकारचे डोळे उघडले. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने गलिच्छ वस्त्या पाडल्या खऱ्या, पण पाडलेल्या खोल्यांइतक्या खोल्या बांधणे त्यास साधले नाही. पुढे गव्हर्नर लॉईड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली, डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले आणि कापसाच्या दर गासडीवर एक रुपया कर बसवून कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प सुटला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उभ्या राहिल्या. त्यांत खोल्या साडेसोळा हजार. याच त्या बीडीडी चाळी. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक.

चमत्कार असा की, माणसे फुटपाथवर निजत असताना या सिमेंटच्या खोल्यांपैकी पुष्कळशा वर्षानुवर्षे रिकाम्या पडून होत्या. भाडे जड, गिरणी दूर, बाजार नाही, आजूबाजूस आपल्या गावचे कोणी नाही. १९३० च्या सत्याग्रहात सरकारने वरळीच्या चाळींचा तुरुंग म्हणून उपयोग केला! यावरून एक धडा घ्यावा. भिंती आणि छप्पर म्हणजे घर नव्हे. कामाची जागा, शेजार आणि परवडणारे भाडे यांच्या आधारावाचून नुसती खोली कोणास शहरात रोवू शकत नाही.

मग कोकणचा गडी मुंबईत रोवला गेला तो कधी? एकाच कारणाने नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु त्यातील एका कारणाकडे दुर्लक्ष होते, ते म्हणजे भाडेकरूस मिळालेली शाश्वती. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस भाडेनियंत्रणाचा आरंभ झाला, आणि १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने ते पक्के केले. भाडे गोठले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, भाडेकरू वारला तरी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयांस खोली सोडावी लागेना. या कायद्याने घरमालकांचे नुकसान झाले, इमारती डागडुजीवाचून खचल्या, पागडीचा काळाबाजार माजला, हे सर्व खरे. पण चाळीतील खोली त्या दिवसापासून नोकरीवर अवलंबून राहिली नाही. गिरणी सुटली तरी खोली सुटत नव्हती. मग गावाहून बायको आली, मुले पालिकेच्या शाळेत जाऊ लागली, चाळीचा गणपती बसू लागला. १० बाय १६ ची ती खोली, पण तिच्यात तीन पिढ्या नांदल्या.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप कसा मोडला आणि गिरण्या कशा गेल्या याची कथा निराळी. आमच्या विषयापुरते एवढेच पाहावे की, गावी घर व थोडी शेती असलेले हजारो कामगार त्या काळात गावी जाऊन राहिले, आणि मुंबईत खोली हातची गेली नसल्यामुळे त्यांच्यातील कितीएक कुटुंबे परत येऊ शकली. नोकरी कायमची गेली, तरी शहर कायमचे गेले नाही. ज्यांची खोली उसनी होती त्यांचे शहरही गेले.

याहून स्पष्ट पुरावा पाहिजे असेल तर तोही त्याच बीडीडी चाळींत आहे. तेथे गिरणी कामगारांच्या शेजारीच पोलीस शिपायांची बिऱ्हाडे होती. तोच जिना, तीच गॅलरी, तेवढीच खोली. फरक एवढाच की, कामगार भाडेकरू होता आणि पोलीस सेवानिवासात होता. कामगाराची भाडेपावती वारसाच्या नावे होत गेली. पोलिसाची खोली खात्याची राहिली. पुढे या चाळींचा पुनर्विकास ठरला तेव्हा भाडेकरूंस ५०० चौरस फुटांचे घर विनामूल्य मिळावयाचे होते, आणि पोलीस कुटुंबांचा हक्क काय, हा मोठा वाद झाला. अखेर २०२२ साली शासनाने त्यांस १५ लाख रुपयांत घर देण्याचे ठरवले. त्याआधी सांगितलेली किंमत याहून कितीतरी अधिक होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांस पहिल्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षांपूर्वी ज्या खोल्या ओस पडल्या होत्या, त्यांच्या जागी त्यांचे वारस मालक झाले! दोन शेजारी, एकाच भिंतीच्या अलीकडचा आणि पलीकडचा; पण सरकारी नोकरास जे मिळाले ते झगडून आणि मोल देऊन. आपणा नोकरदारांनी हे उदाहरण नीट ध्यानी ठेवावे.

चंडीगढात असा शेजार नव्हता काय? होता, पण तो नकाशावर नव्हता. ज्या मजुरांनी हे शहर बांधले त्यांच्यासाठी १३ प्रकारांत एकही प्रकार नव्हता. काम संपताच ते निघून जातील अशी जणू समजूत होती. ते गेले नाहीत. कामावरच्या झोपड्यांचे रूपांतर मजूर-वसाहतींत झाले. त्या उठवल्या, त्या दुसरीकडे बसल्या. नियोजित नगराच्या या अनियोजित अर्ध्या भागाचा सविस्तर अभ्यास मधु सरीन यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात केला आहे. १९५२ च्या परिसर-नियंत्रण कायद्याने शहराबाहेरच्या पट्ट्यात मनमानी बांधकामास बंदी होती. १९६२ साली त्या पट्ट्याची रुंदी दुप्पट झाली. त्यामुळे स्वस्त घर ना शहरात, ना शहराबाहेर.

१९७९ साली प्रशासनाने परवान्यावर गाळे आणि जागा देण्याची योजना आखली. २००६ साली लहान सदनिकांची योजना आली. २०१३ साली धनास येथे ८,४४८ सदनिकांच्या वसाहतीचे उद्घाटन झाले. प्रशासनाचा प्रयत्न अप्रामाणिक होता असे आम्ही म्हणणार नाही. पण ती सदनिका मालकीने नव्हे, महिना ८०० रुपयांच्या परवाना-शुल्काने द्यावयाची होती. येथेही तेच : घर द्यावे, पण त्याची मुळे जमिनीत जाऊ देऊ नयेत. १ मे २०२२ रोजी, म्हणजे आम्ही परस्परांस महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा देत असताना, औद्योगिक क्षेत्राजवळील चार नंबरची कॉलनी यंत्रे लावून पाडण्यात आली. तो दिवस जगभर कामगारांचा म्हणून पाळतात.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो आम्ही टाळू इच्छित नाही. घराच्या शाश्वतीवर मुक्काम ठरतो असे म्हणावे, तर ज्यांस काडीची शाश्वती नव्हती ते मजूर येथे का राहिले? आणि फाळणीत सर्वस्व गमावून आलेले निर्वासित येथे इतक्या लवकर रुजले ते का? आम्हांस यात विसंगती दिसत नाही. निर्णय एका घरावर होत नसतो, दोन घरांवर होतो : येथले आणि मागचे. लाहोर किंवा लायलपूरहून आलेल्यास मागे वळून पाहण्यास घर उरले नव्हते. ज्या भूमिहीन मजुरास गावी न घर न शेत, त्यास येथली झोपडीही पुढचेच पाऊल होती. कोकणच्या गड्यास मात्र गावी घर होते, देव होता, भातखाचर होते. म्हणून त्यास मुंबईत बांधून ठेवण्यास पक्क्या भाडेकरारासारखी मजबूत दोरी लागली. आणि आपणा मराठी अधिकाऱ्यांची स्थिती कोकणच्या गड्यासारखी आहे, निर्वासितासारखी नव्हे. आपले पुण्यास, नागपुरास किंवा सांगलीस काही तरी असतेच. निदान भावाच्या वाट्यातील एक खोली असते.

जगात एका नगराने हे सूत्र ओळखून राज्य उभारले. सिंगापूर हे चिनी, मलाय आणि हिंदी आगंतुकांचे बंदर. तेथे १९६० साली गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले, १९६४ पासून मंडळाची घरे लोकांस विकत मिळू लागली, आणि १९६८ पासून भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम त्यासाठी वापरता येऊ लागली. ती मालकी ९९ वर्षांच्या पट्ट्याची, तरीही नोकरीपासून स्वतंत्र. आगंतुकास देशाविषयी आस्था हवी तर त्याचा देशात वाटा असला पाहिजे, असे पंतप्रधान ली क्वान यू यांचे उघड धोरण होते. लहान बेटाचे सर्वच धडे खंडप्राय देशास लागू पडत नाहीत. परंतु चंडीगढ तर सिंगापुराहूनही लहान आहे.

आता पुन्हा आयटी पार्कमध्ये येऊ. सप्टेंबर २००५ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. इन्फोसिससारख्या कंपन्या आल्या, देशभरातून तरुण आले. या वेळी घरांचा विचार झाला नव्हता असे नाही. २००६ साली गृहनिर्माण मंडळाने एका खासगी बांधकाम कंपनीशी करार करून आयटी पार्काच्या सुमारे १२३ एकर जागेवर वसाहत उभारण्याचे ठरवले. ती उभी राहिली नाही. प्रकरण लवादाकडे जाऊन २०१५ साली निकालात निघाले. पुढे मंडळाने स्वतः सदनिका बांधण्याचे योजले, तर सुखना अभयारण्य जवळ असल्यामुळे वन्यजीव मंडळाची संमती मिळाली नाही. अरण्य राखले पाहिजे यात शंका नाही. पण परिणाम एवढाच की, जेथे काम आहे तेथे घर नाही.

जुन्या सेक्टरांत घर घ्यावे, तर तेथील कोठ्यांच्या किमती मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर. एका कोठीचे मजले निरनिराळ्यांनी घेऊन राहावे अशी एक पळवाट होती. १० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या ३० सेक्टरांत अशी मजल्यांची विभागणी होऊ देऊ नये असा निर्णय दिला. तो लिहिणारे न्यायमूर्ती भूषण गवई आपल्या अमरावतीचे. कोर्ब्युझिएच्या नगराचे मूळ रूप जतन व्हावे, ही त्यामागील दृष्टी रास्तच आहे. मात्र त्या नगराचा पहिला टप्पा दीड लाख माणसांसाठी आखला होता, आणि पुरे झालेले नगर पाच लाखांसाठी. २०११ च्या जनगणनेत या केंद्रशासित प्रदेशाची वस्ती १०,५५,४५० भरली. उरलेल्यांनी कोठे राहावे?

ते राहतात किशनगढच्या अरुंद गल्ल्यांतील वरच्या मजल्यांवर, मणिमाजऱ्यात, हरियाणातील पंचकुल्यात, किंवा पंजाबातील झिरकपुरात. म्हणजे काम एका प्रशासनाखाली, घर दुसऱ्या राज्यात. आणि तेही बहुधा अकरा महिन्यांच्या करारावर. हे अकरा महिने का, ते वाचक जाणतातच : एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेकरार १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावा लागतो, तो खटाटोप दोन्ही पक्षांस नको असतो. म्हणून आपल्या देशातील लक्षावधी शिकलेली माणसे आपले आयुष्य अकरा-अकरा महिन्यांच्या हप्त्यांनी जगत आहेत. जो अकरा महिन्यांपलीकडे पाहू शकत नाही, त्यास "कायमचे राहणार काय?" असे विचारणे, हा आमचाच अडाणीपणा होता. आयटी पार्काला लागूनच इंदिरा कॉलनी आहे. तेथील रहिवाशांजवळ पगार कमी, जागा चिंचोळी, पण आमच्या घरी काम करणाऱ्या तेथल्या बाईंस हाच प्रश्न विचारला, तेव्हा त्या नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, "आणि जाणार कोठे, साहेब?" तीन पिढ्या त्यांच्या तेथे झाल्या आहेत.

सरकारी नोकरांनीही काही शिकले नाही असे नव्हे. २००८ साली येथील प्रशासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी स्वखर्चाच्या घरांची योजना निघाली. पैसे भरले गेले, २०१० साली सोडत झाली. त्यानंतर दशक उलटून गेले तरी घर हाती आले नाही, किमतीचा वाद न्यायालयात गेला, आणि दरम्यान अनेकजण निवृत्त झाले. पदाचे घर परत करावयाचे आणि स्वतःचे घर आलेले नाही, अशा अवस्थेत त्यांनी काय केले असेल, याची कल्पना आमच्या वाचकांस करता येईल.

या सर्व इतिहासातून आम्ही जे घेतले ते असे. शहर परक्यास पगाराने बोलावते, पण ठेवून घेते ते घराने. आणि घर म्हणजे जे नोकरीबरोबर जात नाही ते. ते मालकीचेच असले पाहिजे असे नाही. मुंबईच्या चाळीत ते भाड्याचे होते. पण ते माणसाच्या नावावर हवे, खुर्चीच्या नावावर नव्हे. ज्या शासनास आपल्या शहरात नागरिक हवेत, त्याने क्वार्टरांबरोबरच लांब मुदतीचे, हक्काचे भाडे आणि लहान घरांची विक्री यांचाही विचार करावा. नाही तर त्यास कुशल बिऱ्हाडकरू मिळतील, आणि ते पुढची बदली येताच ट्रक बोलावतील.

आणि आपण? आपल्यापैकी पुष्कळांनी चाळिशीत पुण्यास एक सदनिका घेऊन ठेवलेली असते. ती कुलूपबंद असते, किंवा तीत दुसऱ्या कोणाचे अकरा महिने चाललेले असतात. येथे राहून तेथील घराचे हप्ते फेडता फेडता वीस वर्षे जातात. मुले येथील शाळांत वाढतात, त्यांच्या पंजाबीत मराठी हेल आणि मराठीत पंजाबी ठसका येतो. आणि निवृत्तीच्या सुमारास ध्यानी येते की, जेथे घर आहे तेथे आपले कोणी उरले नाही, आणि जेथे आपली माणसे आहेत तेथे घर नाही. पुण्याचे घर घेणे चूक, असे आम्ही म्हणत नाही. तो निर्णय आपण कोणत्या वयात, कोणाशी बोलून घेतला, एवढेच प्रत्येकाने स्वतःस विचारावे. आम्ही तो एका रजेच्या आठवड्यात घेतला होता, आणि मुलांस विचारण्याइतकी ती तेव्हा मोठी नव्हती. आता मुलगी याच आयटी पार्कमध्ये नोकरी करते, आणि पुण्यास येण्याचा तिचा मानस नाही.

आमच्या घरची तुळस पाच शहरे हिंडली आहे. ती नेहमी पत्र्याच्या डब्यात असते. कारण सरकारी अंगणात लावलेली झाडे पुढच्या साहेबांची होतात, हे आमच्या मंडळींनी पहिल्याच बदलीत अनुभवले होते. गेल्या महिन्यात मुलीने आईस सांगितले की, पंचकुल्यात एक लहानसे घर पाहून ठेवले आहे, तळमजल्यावर, पुढे हातभर माती आहे. आम्ही अजून ते पाहावयास गेलो नाही. मंडळी मात्र परवा डबा उलटासुलटा करून पाहत होत्या. मुळे डब्याच्या तळातून बाहेर आली आहेत, आता हा डबा फार दिवस पुरणार नाही, असे त्या म्हणाल्या. येत्या रविवारी आम्ही ते घर पाहण्यास जाणार आहोत.